रोजचं चिंतन वाचतो पण टिकत नाही, काय करावं? : माझं उत्तर

जय ख्रिस्त भाऊ. तुमचा प्रश्न असा आहे की जालन्याला स्टीलच्या कंपनीत शिफ्ट ड्युटी आहे, रोज मिस्साला (देवळातल्या ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेला) जाणं होत नाही, म्हणून मोबाईलवर दिवसाचं चिंतन (त्या दिवसाच्या बायबलच्या उताऱ्यावर लिहिलेला छोटा लेख) वाचता, वाचताना चांगलं वाटतं, स्टेटसला पण ठेवता, पण दुपारी डबा उघडेपर्यंत काय वाचलं तेच आठवत नाही, मग कोणतं चिंतन वाचावं आणि याला विश्वासात वाढणं म्हणायचं का. मी आमच्या गावात बऱ्याच वर्षांपासून रविवारची प्रार्थना चालवतो, फादर महिन्यातून एखाद्या वेळी येतात, बाकीचे रविवार आम्ही लोकच वाचन करून बसतो, त्यातून जे कळलं ते लिहितोय. थोडं लांबेल.

चिंतन बदलू नका, क्रम बदला. आधी त्या दिवसाचं शुभवर्तमान, म्हणजे मत्तय, मार्क, लूक, योहान यांच्या पुस्तकांतला येशूबद्दलचा उतारा, बायबल उघडून स्वतः वाचा, एकदा डोळ्यांनी आणि एकदा ओठ हलवून, आणि त्या दिवशी जमलंच तर नंतर फादरांनी लिहिलेलं चिंतन वाचा. आपण बहुतेक जण उलटं करतो. वर नुसता संदर्भ दिलेला असतो, मत्तय २०:१-१६ वगैरे, तो डोळ्याखालून जातो आणि आपण खालच्या परिच्छेदावर येतो. म्हणजे प्रभू काय बोलला ते राहून जातं आणि त्याच्यावर कोणाला काय सुचलं तेवढं हातात येतं. दुसऱ्याला सुचलेलं दुपारपर्यंत टिकत नाही यात नवल नाही, ते त्याच्या जगण्यातून आलेलं असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे ही रोजची वाचनं कुठून येतात हे आपल्या लोकांना कोणी नीट सांगत नाही, आणि माझ्या मते तिथंच अर्धी गोडी हरवते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेनंतर, १९६९ मध्ये नवी वाचनमाला, म्हणजे कोणत्या दिवशी काय वाचायचं ते ठरवणारा क्रम, आली. रविवारी तीन वर्षांचं चक्र, एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. आठवड्याच्या दिवसांचं पहिलं वाचन दोन वर्षांच्या चक्रात फिरतं पण शुभवर्तमान दरवर्षी तेच. सामान्यकाळाच्या (नाताळ आणि ईस्टरचे खास काळ सोडून उरलेल्या आठवड्यांच्या) पहिल्या नऊ आठवड्यांत मार्क, दहाव्यापासून एकविसाव्यापर्यंत मत्तय, पुढं चौतिसाव्यापर्यंत लूक, आणि योहान मुख्यतः उपवासकाळाच्या (ईस्टरच्या आधीच्या) उत्तरार्धात आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरच्या नंतर). म्हणजे रोजचा उतारा सुटा नसतो, कालच्याला धरून आजचा येतो. आणि तो तुम्ही निवडलेला नसतो, फादरांनी पण नाही. जालन्यात, वसईत, रोममध्ये त्या दिवशी बहुतेक ठिकाणी तोच वाचला जातो. आपल्याला निवडायला दिलं तर आपण मेंढपाळाचं स्तोत्र आणि ‘भिऊ नका’ एवढंच वाचत बसू. पण अकराव्या आठवड्याच्या मंगळवारी ‘आपल्या शत्रूंवर प्रीती करा’ येणारच, मग आदल्या दिवशी तुमचं बांधावरून भावाशी भांडण झालेलं असो की नसो.

क्रमानं वाचल्यानं काय होतं ते एका उदाहरणानं सांगतो, द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला (येशूनं सांगितलेली गोष्ट) घ्या, ज्यात मालक पहाटे आलेल्याला आणि पाच वाजता आलेल्याला सारखीच, एक दिनार मजुरी देतो आणि पहाटेचे कुरकुरतात. मत्तयच्या वर्षी तो एका रविवारी येतो आणि त्या रविवारी ऐकला तर मालक उदार आहे एवढं कळतं. पण विसाव्या आठवड्यात तोच दाखला बुधवारी येतो आणि त्याच्या आदल्या मंगळवारी पेत्र या शिष्याचा प्रश्न असतो, की आम्ही सगळं सोडून तुमच्यामागं आलो, मग आम्हाला काय मिळणार. प्रभू त्याला मोठं वचन देतो, ते खरंच आहे, पण लगेच म्हणतो की पहिले ते शेवटचे होतील आणि शेवटचे ते पहिले, आणि तिथून दाखला सुरू होतो. म्हणजे हा दाखला पेत्राला सांगितलाय, जो पहाटेपासून मळ्यात आहे, ज्यानं सगळं सोडलंय. माझ्यासारख्या पिढीजात कॅथलिकाला, ज्याला वाटतं की आपण वर्षानुवर्षं देवळाचं करतोय, त्याला सांगितलाय. दोन दिवस सलग वाचल्याशिवाय हे दिसत नाही.

आता दाखल्यात आत या. मालक पहाटे जातो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचच्या सुमारास. पाच वेळा तो स्वतः अड्ड्यावर गेलाय. कारभारी त्याच्याकडं होता, पैसे वाटायला त्यालाच बोलावतो, पण माणसं आणायला कारभाऱ्याला पाठवलं नाही. आपल्या मराठवाड्यात हे वाचताना थांबायलाच पाहिजे. आपल्याकडं ऊसतोडीला जाणाऱ्याची गाठ कारखान्याच्या मालकाशी कधी पडतच नाही, त्याला मुकादम माहिती, उचल माहिती, आणि उचल फिटेपर्यंत मान वर करता येत नाही हे माहिती. आणि इथं मालक उन्हातान्हात स्वतः येतो आणि विचारतो की तुम्ही दिवसभर रिकामे का उभे. ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलंच नाही. शहरात सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहून पाहिलेल्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. धडधाकट पोरं पहिल्या तासात उचलली जातात, मागं राहतो तो म्हातारा, आजारी, किंवा ज्याला कोणी ओळखत नाही असा, आणि उन्हं चढल्यावर तो घरी काय तोंड दाखवू म्हणून तिथंच थांबतो.

आमच्या गावात हा उतारा झाला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं की गोष्ट आपल्या शब्दांत कोण सांगतं. एक आजी आहेत, वाचता येत नाही, आयुष्य कापूस वेचण्यात गेलं. त्यांनी गोष्ट बरोबर सांगितली आणि शेवटी म्हणल्या, ‘तासाभराची मजुरी घेऊन गेला असता तर लेकरं उपाशी निजली असती की, मालकाला ते दिसलं.’ एक दिनार म्हणजे त्या काळची एका दिवसाची मजुरी, एका घराची त्या दिवसाची भाकरी. मी या दाखल्यावर चांगली चांगली प्रवचनं ऐकलीत, पण पाच वाजता आलेल्याच्या घरात कोणी नेऊन बसवलं नव्हतं. म्हणून तुमच्या घरी आई, आजी असेल तर उतारा मोठ्यानं वाचा आणि त्यांना बोलू द्या.

आता खरी अडचण सांगतो, हिच्यामुळंच चिंतन वाचून पण आपण तसेच्या तसे राहतो. हा दाखला ऐकला की पहिल्यांदा डोक्यात येतं की हे आमच्या ठेकेदाराला ऐकवलं पाहिजे, किंवा त्या अमक्याला जो परवा देवळात यायला लागला आणि लगेच कमिटीत बसला. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एव्हांजेली गाऊदियुम’ या उपदेशपत्रात हे स्पष्ट लिहिलंय, की वचन वाचताना एक नेहमीचा मोह म्हणजे ते दुसऱ्याला कसं लागू पडतं याचा विचार करणं आणि स्वतःला वाचवणं. स्टेटसला चिंतन ठेवणं वाईट नाही, कोणाला धीर येत असेल तर जरूर ठेवा, पण संध्याकाळी ठेवा. सकाळी ठेवलं की मनाला वाटतं आपलं काम झालं, वचन पुढं ढकललं, आणि ते आपल्याला काय म्हणत होतं हे ऐकायचंच राहतं.

मग काय करायचं, तर यासाठी आपल्याच माणसाकडं जाऊ. छत्रपती संभाजीनगरचं कॅथेड्रल (बिशपचं मुख्य देऊळ) ज्यांच्या नावाचं आहे ते संत फ्रान्सिस द सेल्स. त्यांच्याच नावाचा फ्रान्सेलियन संघ १८३८ मध्ये फ्रान्समधल्या आनेसीला सुरू झाला आणि त्याच संघाच्या मिशनऱ्यांनी आपल्या भागात पायपीट करून खेडोपाडी विश्वास आणला. हे संत बिशप होते, पण १६०९ मध्ये त्यांनी भक्तिमय जीवनावर जे पुस्तक काढलं ते मठातल्यांसाठी नव्हतंच, संसारात असलेल्यांसाठी होतं. त्यांचं म्हणणं असं की भक्ती शिपायाला, कारागिराला, लग्न झालेल्याला, प्रत्येकाला त्याच्या धंद्याप्रमाणं आणि ताकदीप्रमाणं जमली पाहिजे, म्हणजे शिफ्टवाल्याला पण. त्यात ते सांगतात की बागेत फिरून आलेला माणूस जसा चार-पाच फुलं हातात घेऊन निघतो आणि दिवसभर वास घेतो, तसं चिंतन झाल्यावर एक-दोन गोष्टी मनाशी घेऊन उठा. सगळं नको, दोनच गोष्टी. मी म्हणतो शिफ्टवाल्यानं एकच वाक्य घ्यावं. कामावर मोबाईल बाहेर काढता येत नसेल तर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. ‘आम्हाला कोणी कामाला लावलं नाही’, एवढंच. चहाला थांबलात की एकदा मनात म्हणा.

आणि दुसरं ते असं सांगतात, जे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं, की चिंतनातून निघणारा निश्चय मोघम ठेवू नका. वधस्तंभावरचं प्रभूचं क्षमेचं वाक्य ऐकून मी शत्रूंना क्षमा करीन एवढं ठरवणं पुरत नाही, अमका शेजारी किंवा घरातला नोकर जे टोचून बोलतो त्याच्या बोलण्यानं आजपासून मी चिडणार नाही, इथपर्यंत यायचं. नाव घेऊन. तुमच्या बाबतीत म्हणाल तर शिफ्टमध्ये परमनंट आणि ठेक्यावरचे वेगवेगळे बसून डबा खातात का ते बघा, खात असतील तर त्या बुधवारचं चिंतन म्हणजे डबा घेऊन उठून पलीकडं जाऊन बसणं. त्यासाठी भाषा लागत नाही, कोणाला धर्म सांगावा लागत नाही. आणि संध्याकाळी आठवायला पण सोपं, कारण आठवायचं ते वाचलेलं नसून केलेलं असतं.

काही दिवस कोरडे जातील हेही सांगून ठेवतो. उतारा वाचला आणि काहीच हाललं नाही आत, असं होतं, माझं अजून होतं. त्या दिवशी जबरदस्तीनं अर्थ काढू नका, दोन मिनिटं गप्प बसा, त्या दिवशीच्या दोन वाचनांच्या मधलं स्तोत्र वाचा, ते आपल्या वतीनं बोलतं. आणि काही उतारे वर्षानुवर्षं कोरडेच वाटतात आणि मग एकदम उघडतात. १७ डिसेंबरला दरवर्षी मत्तयच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ येते, नुसती नावंच नावं, वाचणाऱ्याची जीभ अडखळते, ऐकणारे कंटाळतात. पण त्या नावांत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरीयाची बायको आहे, म्हणजे ज्यांना कोणी मोठ्या घराण्यात बसवलं नसतं त्या बाया देवानं आपल्या पुत्राच्या घरात बसवल्या. आणि आपला औरंगाबाद धर्मप्रांत जाहीर झाला तो दिवस पण १७ डिसेंबरच, १९७७ चा. मला हे कळलं तेव्हापासून त्या दिवशी मी वंशावळ वाचून झाली की आमच्या घरात पहिला बाप्तिस्मा घेतलेल्या पणजोबांचं नाव घेतो, मग आजोबांचं, मग वडिलांचं. गावकुसाबाहेर राहणारी माणसं ती. तुम्ही पण करून बघा, लेकरांना जवळ बसवून.

मिस्साबद्दल. रोजचं वाचन म्हणजे मिस्साच्या ऐवजी नाही, हे मनात पक्कं ठेवा, आणि मिस्सा जमत नाही म्हणून रोज अपराधी पण वाटून घेऊ नका, रविवार तेवढा कसोशीनं सांभाळा, शिफ्ट बदलून घ्यावी लागली तरी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या, देवाच्या प्रकटीकरणावरच्या दस्तऐवजात म्हटलंय की ख्रिस्तसभा (चर्च) प्रभूच्या शरीराला जसा मान देते तसाच मान पवित्र शास्त्राला देत आली. अम्माऊसच्या वाटेवर बघा, लूकच्या चोविसाव्या अध्यायात, पुन्हा उठलेला प्रभू ओळख न देता दोन शिष्यांबरोबर चालत शास्त्र उलगडत होता तेव्हा दोघांची मनं पेटली होती पण ओळख पटली भाकर मोडताना. आठवडाभर वाटेवर चाला, रविवारी टेबलाशी या.

कोणतं चिंतन वाचावं याचं उत्तर छोटंच आहे. जे वाचून परत बायबल उघडावंसं वाटतं ते चांगलं. जे म्हणतं की दहा जणांना पाठवा म्हणजे आज आशीर्वाद येईल ते लगेच डिलीट करा, त्याचा प्रभूशी संबंध नाही. मराठीत टिपांसकट वाचायचं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घ्या, हेच फादर २०२० च्या जानेवारीत आपल्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. जाड आहे, महाग वाटेल, पण दोघा-तिघांनी मिळून घेतलं तरी चालतं.

आणि हे विश्वासात वाढणं आहे का, हे स्वतःला विचारू नका, बायकोला विचारा, सोबतच्या कामगाराला विचारा. राग कमी झालाय का, कोणाला उसने दिलेले पैसे मागताना आवाज बदललाय का, त्यांना आधी कळतं.

नाईट शिफ्ट असेल त्या आठवड्यात उद्याचं शुभवर्तमान आज संध्याकाळी निघायच्या आधी वाचा, सकाळी झोपेत वाचलेलं उपयोगाचं नाही. आठवडाभर करा आणि कोणतं वाक्य खिशात ठेवलं होतं ते इथं लिहा, आम्ही पण तेच उतारे वाचत असू.