दुधातली मेलामाइनची भेसळ प्रकाशाने कशी ओळखतात?
प्रथिनांची जुनी चाचणी प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते, आणि मेलामाइन या प्लास्टिक बनवायच्या रसायनाच्या वजनात दोन-तृतीयांश नायट्रोजनच! त्यामुळे ते मिसळलं की पाणी घातलेलं दूधही कसदार ठरायचं. 2008 मध्ये चीनमध्ये याच लबाडीने सहा बाळं दगावली, सुमारे 3 लाख आजारी पडली.

प्रकाशाला असं फसवता येत नाही. सोन्याचे नॅनोकण सुटे असले की द्रावण लालचुटुक दिसतं. मेलामाइन त्यांना एकमेकांना चिकटवतं आणि रंग निळा-जांभळा होतो, अगदी नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका. मात्र आधी दुधातली प्रथिनं आणि स्निग्धांश काढावे लागतात (म्हणजे स्वयंपाकघरात करायचा प्रयोग नव्हे हा). खात्रीसाठी मी रामन तंत्रच निवडेन: लेझर टाकला की विखुरलेल्या प्रकाशात मेलामाइनची स्वतःची ठरावीक रेघ उमटते.