अर्थशास्त्राची पदवी : खर्च किती आणि कोणत्या टप्प्यावर

प्रश्न : माझी मुलगी यंदा विज्ञान शाखेतून, गणित घेऊन, ८१ टक्के गुणांनी बारावी उत्तीर्ण झाली. तिला अभियांत्रिकीकडे जायचे नाही. अर्थशास्त्र शिकायचे आहे. पुण्यातील एका खाजगी विद्यापीठात तीन वर्षांच्या पदवीसाठी शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ मिळून वर्षाला ५ लाख रुपये खर्च येईल, असे सांगितले गेले. आमची तीन एकर द्राक्षबाग आहे. बँकेतील ५ लाखांची ठेव मोडावी आणि उरलेल्या १० लाखांसाठी शैक्षणिक कर्ज काढावे, असा विचार आहे. घरातील थोरांचे म्हणणे असे की, एवढे करून शेवटी स्पर्धा परीक्षाच द्यायची असेल तर सांगलीचे महाविद्यालय काय वाईट? हा पैसा भरून निघेल का?
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : आपण विचारले आहे की १५ लाख भरून निघतील का. माझ्या मते या प्रश्नाची मांडणी थोडी बदलायला हवी. मुलगी पुण्याला गेली काय किंवा सांगलीत शिकली काय, तीन वर्षे ती कमावणार नाही, हे दोन्हीकडे सारखेच आहे. म्हणून या तीन वर्षांत बुडणारी कमाई, जिला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात, या तुलनेतून वजा होते. उरतो तो दोन वाटांमधला फरक. सांगलीत घरून जाऊन-येऊन शिकताना शुल्क, एसटीचा पास आणि पुस्तके यांवर वर्षाला ४० हजार खर्च होतात असे धरले, तर तीन वर्षांचे १ लाख २० हजार होतात. म्हणजे पुण्याचा जादा खर्च १३ लाख ८० हजार. ही रक्कम ८ टक्के व्याजाने वीस वर्षांत वसूल व्हायची असेल, तर पुण्याच्या पदवीमुळे मुलीला सांगलीच्या पदवीपेक्षा दरमहा सुमारे ११,७०० रुपये जास्त मिळाले पाहिजेत, आणि तेही सलग वीस वर्षे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकातील सर्वांत मोठा पगार पाहण्यापेक्षा, तेथून केवळ पदवी घेऊन बाहेर पडलेल्या मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारावा आणि तो या आकड्याशी ताडून पाहावा.

आता अर्थशास्त्राची खरी अडचण सांगतो, कारण पालकांना ती सहसा कोणी सांगत नाही. अभियंता चार वर्षांनी अभियंता होतो. अर्थशास्त्राची पदवी मात्र तीन वर्षांनंतर अर्ध्यावरच असते. केंद्रीय लोकसेवा आयोग भारतीय आर्थिक सेवेसाठी जी परीक्षा घेतो, तिला अर्थशास्त्रातील पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातील अधिकारीपदासाठीही तीच अट आहे, आणि महाविद्यालयात शिकवायचे असेल तरीही. या सेवांतील जागाही मोजक्या असतात. आर्थिक सेवेच्या जागा अलीकडच्या बहुतेक वर्षांत पन्नासच्या आतच राहिल्या आहेत. बँका, सल्लागार कंपन्या आणि माहिती-विश्लेषणाची कामे पदवीधरांनाही मिळतात, पण तेथे मुलाखत घेणारा पाहतो ते गणित, सांख्यिकी आणि संगणकावर आकडे हाताळण्याचे कौशल्य. पदवीवरचे ‘अर्थशास्त्र’ हे नाव त्याला तेवढ्यापुरतेच उपयोगी असते. म्हणून आपण तीन वर्षांचा नव्हे, पाच वर्षांचा हिशोब मांडावा आणि दुसऱ्या पदवीसाठी पैसा कोठून येणार, हे पहिल्या पदवीचे शुल्क भरण्यापूर्वीच ठरवावे.

या नजरेने पाहिले तर चित्र बदलते, कारण देशातील उत्तम पदव्युत्तर संस्थांपैकी काही फार महाग नाहीत. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्यात्मक अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात आजवर शिकवणी शुल्क न घेता उलट विद्यावेतन देण्याची रीत राहिली आहे (प्रवेशाच्या वर्षी तीच अट आहे ना, एवढे पाहून घ्यावे). दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स हे केंद्रीय, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या, विद्यापीठाचा भाग आहे. आपल्याजवळ मुंबईत गोरेगावला रिझर्व्ह बँकेने १९८७ साली स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आणि पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी उभारणी केलेली, १९३० पासूनची गोखले संस्था आहे. या संस्थांच्या दारावरची परीक्षा कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता यांची कसोटी घेते. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांतील बीए अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात हे गणित फार थोडे असते, आणि हुशार मुले तेथेच अडतात. यावर साधा उपाय आहे. सांगलीत तिने गणित आणि सांख्यिकी घेऊन बीएससी करावे आणि अर्थशास्त्राची पायाभूत पुस्तके त्याबरोबर वाचावीत. गणित-सांख्यिकीच्या पदवीधरांना यांतील अनेक संस्थांची दारे खुली आहेत, आणि परीक्षेच्या दृष्टीने असे विद्यार्थी मागे तर मुळीच राहत नाहीत. अर्थात, तीन वर्षे मुलीला तिच्या आवडीच्या विषयापासून थोडे दूर राहावे लागेल, आणि ही किंमत रुपयांत मोजता येत नाही. म्हणून हा निर्णय तिच्याशी बोलूनच घ्यावा. पुण्या-मुंबईतील एखाद्या जुन्या अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्राबरोबर गणितही घेता येत असेल, तर तो मधला मार्ग उत्तमच. तेथे शुल्क कमी असते आणि खरा खर्च राहण्या-जेवणाचा असतो.

कर्जाविषयी मला अधिक काळजी वाटते. समजा, १० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने तीन समान वार्षिक हप्त्यांत उचलले आणि शिक्षणाची तीन वर्षे व पुढचे एक वर्ष व्याज भरले नाही, तर परतफेड सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेही सुमारे ३ लाख साचतात. मग १३ लाखांवर दहा वर्षांसाठी दरमहा हप्ता बसतो १७ हजारांच्या थोडा पुढे. नव्या पदवीधराच्या पगाराचा केवढा वाटा त्यात जाईल, हे आपणच पाहा. आणि मुलीने लगेच एमए करायचे ठरवले, तर तो हप्ता आपल्या बागेवर येईल. द्राक्षाचे पैसे वर्षातून एकदा येतात, एखाद्या अवकाळी पावसाने ते निम्म्यावर येतात. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला तेवढाच असतो. ज्यांचा पगार ठरलेला आहे त्यांना झेपणारे कर्ज बागायतदाराला झेपेलच असे नाही. तरीही कर्ज घ्यायचेच झाले, तर केंद्राच्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत ती संस्था येते का, हे आधी पाहावे. त्या योजनेत तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या आणि त्यानंतर हप्ते सुरू होईपर्यंतच्या सवलतीच्या काळात ३ टक्के व्याजाची सूट मिळू शकते. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुलींना जाहीर केलेली शुल्कमाफी मात्र व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे आणि खाजगी व अभिमत विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. प्रवेशाच्या कार्यालयात कोणी तिचा हवाला दिला, तर तो लेखी मागावा.

माझा सल्ला स्पष्ट आहे : ठेव मोडू नका, ती पाच वर्षांच्या वाटेतील शेवटच्या दोन वर्षांसाठी राखून ठेवा.

प्रश्न : मी बीए अर्थशास्त्र केले असून लातूरमध्ये एका पतसंस्थेत १८ हजार रुपये पगारावर नोकरी करतो. वय २४. प्राध्यापक व्हावे अशी इच्छा आहे. नोकरी सोडून पुण्यात एमए करावे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वरच्या पत्रात बुडणाऱ्या कमाईचा जो खर्च वजा झाला, तोच तुमच्या बाबतीत सर्वांत मोठा आहे. दोन वर्षांचा पगार म्हणजे ४ लाख ३२ हजार, आणि एमएचे शुल्क बहुधा त्याच्या जवळपासही जाणार नाही. समोरच्या बाजूला सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, आणि ते पाहून मन धावते. पण एमएला ५५ टक्के गुण आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची राष्ट्रीय किंवा राज्य पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊनही आपल्या राज्यात कित्येक शिक्षक वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवत आहेत; शिकवलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काहीच नाही. मी याला अन्याय मानतो, पण हिशोबात तो धरावाच लागतो.

म्हणून नोकरी न सोडता इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून एमएला प्रवेश घ्यावा आणि त्याच काळात गणिताची तयारी करून वर सांगितलेल्या संस्थांच्या प्रवेश परीक्षा द्याव्यात. तेथे निवड झाली तर नोकरी सोडण्यास माझी हरकत नाही. केवळ कोठेतरी एमए करायचे म्हणून सोडू नये. नेटमध्ये कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर दरमहा ३७ हजार रुपये मिळतात, म्हणजे पीएचडी करताना घरच्यांवर भार राहत नाही. तिला वयाची मर्यादा असल्यामुळे तुमच्या हाती साधारण सहा वर्षे आहेत.

कमावत शिकण्यात कमीपणा वाटत असेल, तर एवढेच आठवावे की बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१७ साली लंडनमधील अर्थशास्त्राचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले होते. सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा तेथे गेले. तुम्हीही दरमहा ५ हजार वेगळे ठेवले, तर दोन वर्षांत १ लाख २० हजार जमतात. प्रवेश मिळालाच, तर पुण्यातील पहिल्या वर्षाच्या खोलीभाड्याचा आणि खाणावळीचा बराचसा भार त्यातून निघेल.