तुम्ही विचारा, आम्ही सांगतो : आइस क्यूबला गप्प कुणी बसवलं?

प्रश्न : 'ट्रिपल एक्स' या हॉलिवूडच्या हेरगिरीवाल्या ॲक्शनपटाचा पहिला पार्ट मला जाम आवडलेला, म्हणून मोठ्या हौसेने दुसरा लावला, २००५ चा 'स्टेट ऑफ द युनियन'. पहिल्यातला हिरो विन डिझेल गायब, त्याच्या जागी रॅपर आइस क्यूब. अर्ध्यातच हात मोबाईलकडे गेला. मित्र म्हणतो गाणारे लोक हिरो केले की हेच होणार, रॅपरने रॅपच करावं. मला ते पटत नाहीये पण त्याला उत्तर काय द्यायचं तेही सुचेना. नेमकं गंडलं काय?

उत्तर : मित्राला म्हणावं, आधी 'बॉइझ एन द हूड' बघ आणि मग बोलू. १९९१ चा पिक्चर, आइस क्यूबचा पहिलाच. त्यात शेवटाकडे भाऊ मारला गेल्यानंतरच्या सकाळी हा मित्राशी बोलत बसतो, की टीव्हीवर जगभरच्या मारामाऱ्या दाखवल्या पण माझ्या भावाबद्दल एक शब्द नाही. आवाज चढवत नाही, रडारड नाही, सरळ बोलत जातो आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ज्याला हे जमतं त्याला ॲक्टिंग येत नाही असं कोण म्हणेल?

तर गंडलं स्क्रिप्टमध्ये, आणि ते पण अगदी मुळात. पहिला पार्ट आठवा, २००२ चा. सुरुवातीलाच टक्सिडो घातलेला एक टापटीप एजंट प्रागमधे रॅमस्टाइन या जर्मन रॉक बँडच्या कॉन्सर्टमधे घुसतो, त्या गर्दीत लगेच उठून दिसतो आणि मरतो. मग गिबन्स, म्हणजे सॅम्युअल जॅक्सनने केलेला हेरांचा बॉस, म्हणतो की ट्रेनिंगवाली माणसं नकोतच, बाहेरचा कुणीतरी उनाड उचला. सगळी मजा याच्यातच होती ना! आणि दुसऱ्या पार्टात त्यांनी उचलला कोण, तर डॅरियस स्टोन, म्हणजे नेव्ही सील या अमेरिकी नौदलाच्या कमांडो दलातला ट्रेनिंग घेतलेला फौजी, वरिष्ठांशी भिडला म्हणून मिलिटरीच्या जेलमधे बसलेला. असा हिरो तर दर दुसऱ्या ॲक्शनपटात असतो, मग ट्रिपल एक्स हे नाव तरी कशाला लावायचं? (पोस्टरसाठी, दुसरं काय.)

दुसरं म्हणजे क्यूबची ताकद त्याच्या तोंडात आहे. एनडब्ल्यूए या रॅप ग्रुपमधे असताना गाणी लिहायचा, १९९५ चा 'फ्रायडे' त्याने डीजे पूहबरोबर लिहिला, आणि त्या अख्ख्या पिक्चरमधे दोन मित्र मुख्यतः घराच्या ओट्यावर बसून बडबड करतात तरी कंटाळा येत नाही. इथे त्याला दिलंय काय, तर भुवया आवळून बघायचं, एक पंच मारायचा, गाडीत बसायचं. विलेम डॅफो संरक्षणमंत्री आहे आणि प्रेसिडेंटला उडवून सत्ता घ्यायचा त्याचा प्लॅन आहे, म्हणजे समोर तगडा माणूस होता, दोघांना एका खोलीत बसवून दहा मिनिटं नुसतं भांडू दिलं असतं तरी पैसे वसूल झाले असते. पण नाही, विमानवाहू जहाजावर रणगाडा पळवायचाय, मग बुलेट ट्रेनच्या मागे गाडी पळवायचीय आणि तीही रुळांवर, टायर गेल्यावर नुसत्या रिमवर! हा सीन डोळे मोठे करून बघावा असा हवा होता, पण इतका कॉम्प्युटरवर केलेला दिसतो की गाडीला वजनच वाटत नाही, आणि वजन नाही म्हटल्यावर कुणी मरेल याची भीतीही नाही.

डायरेक्टर ली तामाहोरी, हे अजून वाईट वाटतं. ह्याच माणसाने 'वन्स वेअर वॉरियर्स' केलाय, राग कसा दाखवायचा ते त्याला चांगलं माहीत होतं. पण 'डाय अनदर डे'मधे बाँडला अदृश्य गाडी देणारा पण हाच, आणि इथे कामावर तो दुसरा तामाहोरी आला.

लोकांनीही नाकारला बरं का, म्हणजे तुम्ही एकटे नाही. पहिल्याने जगभरात साधारण २७ कोटी डॉलर कमावलेले, ह्याने जेमतेम ७ कोटी, आणि ह्याचा खर्च ह्या कमाईपेक्षा जास्त होता.

प्रश्न : मग रॅपर लोकांचे चांगले ॲक्शन पिक्चर आहेत तरी का? की विल स्मिथ एकटाच?

उत्तर : विल स्मिथ मूळचा रॅपर हे बरेच जण विसरूनच गेलेत, रॅपसाठीचं पहिलंवहिलं ग्रॅमी १९८९ मधे त्याला आणि डीजे जॅझी जेफला मिळालेलं. 'बॅड बॉइज' चालला कारण त्यात त्याला अखंड बोलू दिलंय, मार्टिन लॉरेन्सशी सतत कटकट. डीएमएक्सचे 'एक्झिट वून्ड्स' वगैरे टाइमपास म्हणून बघा, स्टोरी शोधायला जाऊ नका, पण तो खरखरीत आवाज घेऊन माणूस फ्रेममधे नुसता उभा राहिला तरी काम होतं. टुपाकचा 'ज्यूस' मात्र चुकवू नका, १९९२ चा आहे. ॲक्शनपट म्हणता येणार नाही, पण बिशप नावाचं ते पोरगं हळूहळू हाताबाहेर जातं तेव्हा खरंच घाबरायला होतं.

प्रश्न : तिसरा पार्ट बघायचा तर दुसरा पूर्ण करावा लागेल का?

उत्तर : अजिबात नाही. दुसऱ्यात विन डिझेलचं पात्र बोरा बोरा बेटावर मेलं असं सांगून मोकळे झाले होते, २०१७ च्या तिसऱ्यात तो जिवंत निघतो, संपला विषय. आइस क्यूब शेवटाकडे काही मिनिटांपुरता येतो, आणि माझ्या मते २००५ च्या अख्ख्या पिक्चरपेक्षा तेवढ्यात जास्त मजा आणतो.