अतिदक्षता विभागात परिचारिकांनी दिलेल्या मानसिक आधारामुळे रुग्णाचा पुढचा मानसिक त्रास टळतो का?

थोडक्यात सांगायचे, तर खाटेवरची घालमेल त्याने कमी होते हे मी रोज पाहते. घरी गेल्यावर छळणारी भयस्वप्ने आणि धास्ती त्यामुळे टळतात, असे मात्र पुराव्याच्या आधारे म्हणता येत नाही. मी स्वतः अतिदक्षता विभागात परिचारिका आहे, तेव्हा माझे मत थोडे सावधपणेच वाचावे.

ब्रिटनमधील २४ विभागांत १,४५८ रुग्णांवर ‘पॉपी’ नावाची चाचणी झाली. त्यांपैकी निम्म्या विभागांत वातावरण निवांत ठेवण्यावर भर होता आणि तीव्र तणाव आढळलेल्या, शुद्धीवर असलेल्या रुग्णांशी प्रशिक्षित परिचारिका तीन वेळा सविस्तर बोलत. जोडीला टॅब्लेटवर मन शांत करणारा कार्यक्रमही होता. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहा महिन्यांनंतर आघातोत्तर तणावाच्या (भयंकर अनुभवानंतर मागे राहणाऱ्या भयस्वप्ने, धास्ती अशा त्रासाच्या) लक्षणांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता.

मला वाईट वाटले, पण नवल वाटले नाही. अशा बैठकीसाठी रुग्ण भानावर लागतो आणि पुष्कळदा इजा त्याआधीच, गुंगीच्या औषधांत व भ्रमाच्या अवस्थेत झालेली असते. सलाईनमधून विष देत आहेत, डांबून ठेवण्यासाठी हात बांधले आहेत, असे त्याला खरोखर वाटते. पुढे प्रत्यक्ष घडलेले विसरले जाते आणि हे भास तेवढे पक्के राहतात. म्हणून माझ्या मते खरा आधार आधीच सुरू व्हायला हवा: गुंगी गरजेपुरतीच, वेदनेवर वेळेवर औषध, रात्री झोप, चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी, आणि अंगाला हात लावण्यापूर्वी आपण कोण, काय करणार आहोत हे सांगणे, रुग्ण व्हेंटिलेटरवर निपचित असला तरीही.

विभागात रोज काय घडले याची रुग्णासाठी रोजनिशी लिहिण्याची पद्धतही परिचारिकांनीच रुजवली. २०१० च्या युरोपीय चाचणीत तिचा लाभ दिसला, तर २०१९ च्या फ्रान्समधील चाचणीत दिसला नाही. तरी हरवलेले दिवस जुळवायला ती उपयोगी पडते, म्हणून मी लिहिते.

आपले आप्त घरी आल्यावर महिन्याहून अधिक काळ दचकून उठत असतील किंवा रुग्णालयाचे नावही टाळत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. आमचा आधार त्या उपचारांची जागा घेऊ शकत नाही.