झेंडा चुकला, झगा मात्र अचूक

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे अमेरिकेच्या युद्धचित्रांविषयी आहेत, आणि या चित्रांवर कितपत विश्वास ठेवावा, हाच त्या चारही पत्रांमागचा मूळ प्रश्न आहे. म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

प्रश्न : मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात जॉर्ज वॉशिंग्टन डेलावेअर नदी ओलांडत असल्याचे भव्य चित्र पाहिले. पुढच्याच आठवड्यात प्रत्यक्ष नदीकाठी गेलो, तेव्हा तिथल्या मार्गदर्शकाने त्या चित्रातल्या चुका एकेक करून सांगितल्या. मग या चित्राला ऐतिहासिक म्हणावे की नाही? (एक निवृत्त शिक्षक, ठाणे)

उत्तर : मार्गदर्शकाने सांगितलेल्या चुका खऱ्याच असणार, कारण त्या सर्वश्रुत आहेत. नदी ओलांडली गेली ती अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, २५ डिसेंबर १७७६ च्या रात्री, आणि इमॅन्युएल लॉइट्झ या चित्रकाराने हे चित्र पुरे केले ते १८५१ साली, म्हणजे पाऊणशे वर्षांनी आणि तेही जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात. चित्रात फडकणारा तारे-पट्ट्यांचा झेंडा अमेरिकी काँग्रेसने १४ जून १७७७ रोजी स्वीकारला. त्यामुळे त्या रात्री तो कोणाच्याही हाती असणे शक्य नव्हते. झेंडा धरणारा तरुण जेम्स मन्रो, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला, वॉशिंग्टनच्या होडीत नव्हता; तो आधीच्या तुकडीबरोबर पलीकडे गेला होता. सुमारे २,४०० सैनिक आणि १८ तोफा नदीपार नेण्यासाठी लोखंडासारख्या जड मालाची ने-आण करणाऱ्या लांबलचक डरहॅम नावा आणि सपाट तळाच्या तरी (पैलतीरी नेणाऱ्या पसरट होड्या) वापरल्या गेल्या. चित्रातली होडी एवढ्या माणसांनी बुडाली असती. आकाशात पहाट उजाडते आहे, प्रत्यक्षात मात्र काळोख होता आणि बर्फाचे वादळ सुटले होते.

आता याची दुसरी बाजू पाहा. याच लॉइट्झने वॉशिंग्टनच्या गणवेशाची हुबेहूब नक्कल मिळवली होती आणि चेहऱ्यासाठी उदाँ या फ्रेंच शिल्पकाराने घडवलेल्या अर्धपुतळ्याचा आधार घेतला होता. वर्दिंग्टन व्हिट्रेज हा तरुण अमेरिकी चित्रकार त्या वेळी ड्युसेलडॉर्फला होता. त्याला तो गणवेश चढवून लॉइट्झने दोन तास जराही न हलता उभे केले, कारण झग्याच्या घड्या एकाच बैठकीत रंगवायच्या होत्या. शेवटी व्हिट्रेज इतका गळून गेला की त्याच्या घशात शॅम्पेन ओतावी लागली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. झग्याच्या घडीसाठी एवढा आटापिटा करणारा माणूस झेंड्याच्या तारखेकडे काणाडोळा करतो, याचा अर्थ तो निष्काळजी होता असा होत नाही. १८४८ च्या क्रांतीत हरलेल्या जर्मन लोकांना धीर यावा, हा त्याचा हेतू होता आणि त्या हेतूसाठी त्याला झेंडा हवा होता, पहाटही हवी होती. तेव्हा हे चित्र १७७६ चा पुरावा म्हणून कच्चे आहे आणि १८५१ चा पुरावा म्हणून पक्के आहे, असे माझे मत आहे. (याच चित्राची आधीची आवृत्ती ब्रेमेनच्या संग्रहालयात होती, ब्रिटिशांविरुद्धच्या मोहिमेचे ते चित्र १९४२ साली ब्रिटिशांच्याच बॉम्बहल्ल्यात नष्ट झाले.)

याच प्रसंगाचे दुसरे चित्र पाहायचे असेल, तर मॉर्ट कुन्स्टलर यांनी २०११ साली रंगवलेले पाहावे. त्यात वॉशिंग्टन सपाट तळाच्या तरीवर तोफेजवळ उभे आहेत आणि भोवती अंधार व बर्फ आहे. होडीत उभे राहणे हा लॉइट्झचा नाटकीपणा वाटतो खरा, पण तोफा वाहून नेणाऱ्या रुंद तरीवर माणूस उभाच राहतो. म्हणजे ज्या गोष्टीला आपण सर्वांत जास्त हसतो, तीच कदाचित सर्वांत कमी चुकीची निघते.

प्रश्न : मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या सैनिकाच्या कोटाचा रंग, टोपीचा आकार, पट्ट्याची रुंदी हे आजचे चित्रकार कशावरून ठरवतात? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत मोठा आधार म्हणजे शिल्लक राहिलेल्या वस्तू. पण सामान्य शिपायाचा कोट सहसा शिल्लक राहत नाही; तो फाटेपर्यंत वापरला जातो आणि मग त्याच्या चिंध्या होतात. संग्रहालयात पोचतो तो बहुधा अधिकाऱ्याचा कोट, कारण तो घरच्यांनी पेटीत जपून ठेवलेला असतो. म्हणून केवळ संग्रहालयावर विसंबणाऱ्या चित्रकाराचे सगळे शिपाई अधिकाऱ्यांसारखे नीटनेटके दिसू लागतात. ही उणीव भरून काढणारे एक साधन मला फार मोलाचे वाटते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात एखादा शिपाई पळून गेला, की त्याच्या पलटणीचा अधिकारी वर्तमानपत्रात जाहिरात देई आणि त्या माणसाला ओळखता यावे म्हणून त्याच्या अंगावर पळताना नेमके काय होते, ते तपशीलवार लिही : कोट कोणत्या रंगाचा, त्याची कॉलर कशी, विजार कशाची, टोपी कशी. कागदावरच्या हुकुमात गणवेश कसा असावा हे कळते; तो प्रत्यक्षात कसा होता, हे या फरारी माणसांमुळे कळते. याशिवाय छावण्यांच्या जागी उत्खननात सापडणारी बटणे असतात. ब्रिटिश शिपायांच्या बटणांवर त्यांच्या रेजिमेंटचा क्रमांक असे, त्यामुळे कोणती पलटण कुठे होती हेही जुळवता येते.

या पद्धतीचे अलीकडचे चांगले उदाहरण म्हणजे डॉन ट्रोयानी यांचे ऱ्होड आयलंड रेजिमेंटचे चित्र. फिलाडेल्फियाच्या अमेरिकन क्रांती संग्रहालयासाठी त्यांनी ते केले आणि २०२१ साली तिथल्या त्यांच्या चित्रप्रदर्शनात ते मांडले गेले. सप्टेंबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनकडे निघालेली ही पलटण फिलाडेल्फियातून जात आहे. तिच्यात कृष्णवर्णीय आणि मूळ अमेरिकी शिपाई आहेत आणि जेम्स फोर्टेन हा कृष्णवर्णीय मुलगा बाजूला उभा राहून त्यांना पाहतो आहे. यातले काहीही मनाने घातलेले नाही. फोर्टेनने पुढे म्हातारपणी एका पत्रात ही आठवण लिहिली होती. शिपायांच्या पोशाखाला तर त्याहून थेट आधार आहे : व्हर्जे नावाच्या एका फ्रेंच सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्याने त्याच वर्षी आपल्या रोजनिशीत अमेरिकी सैनिकांचे छोटे जलरंगचित्र काढले आणि त्यात ऱ्होड आयलंडचा कृष्णवर्णीय शिपाई पांढऱ्या पोशाखात दाखवला. एका परदेशी माणसाला ते दृश्य नवलाचे वाटले म्हणून ते टिकले. घरच्या चित्रकारांनी मात्र या शिपायांकडे फारसे पाहिलेच नव्हते.

कधी कधी तर अचूकपणा हाच चित्राचा विषय होतो. एच. चार्ल्स मॅकबॅरन हे अमेरिकी लष्करासाठी ऐतिहासिक चित्रमालिका करणारे चित्रकार. त्यांच्या चिपावाच्या लढाईच्या चित्रात, म्हणजे ५ जुलै १८१४ च्या प्रसंगात, अमेरिकी पायदळ निळ्या कोटाऐवजी करड्या कोटात दिसते. निळे कापड पुरेसे न मिळाल्यामुळे विनफिल्ड स्कॉट या अमेरिकी सेनापतीच्या ब्रिगेडला करडे कोट दिले गेले होते. करडे कोट पाहून ब्रिटिश सेनापतीने त्यांना आधी कच्चे मिलिशिया, म्हणजे हंगामी नागरी शिपाई, समजले आणि ते गोळीबारातही रांग न मोडता पुढे येऊ लागल्यावर त्याला हे कसलेले सैन्य असल्याचे उमगले, अशी कथा आहे. ती कथा आपल्यापर्यंत स्कॉटच्याच लेखणीतून आली आहे, हे लक्षात ठेवलेले बरे. पण कोट निळे रंगवले असते, तर ती कथा चित्रात मावलीच नसती.

एक सावधगिरीही सांगतो. रणभूमी अचूक असणे हे गणवेशाहून अवघड असते. पॉल फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराने अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या ३ जुलै १८६३ च्या हल्ल्याचे वर्तुळाकार चित्र करण्यासाठी १८८२ साली त्या मैदानावर मुक्काम केला, स्थानिक छायाचित्रकाराकडून चहूबाजूंची छायाचित्रे काढून घेतली आणि लढलेल्या सैनिकांशी बोलून घेतले. शिकागोत ते चित्र उघडले, तेव्हा त्या लढाईत जखमी झालेले जनरल गिबनही ते पाहून चकित झाले. आज गेटिसबर्गला असलेली प्रत बॉस्टनसाठी १८८४ साली केलेली. ती ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच आहे व दुरुस्तीनंतर २००८ साली पुन्हा खुली झाली. इतके करूनही गवताच्या गंजी मात्र पेनसिल्व्हेनियाच्या न होता फ्रान्सच्या शेतातल्यासारख्या उतरल्या आहेत. हाताला लहानपणापासून जी गंजी ठाऊक असते, तीच नकळत कागदावर येते. आपणही आपल्या गावाबाहेरचे शेत काढताना हे तपासून पाहा.

प्रश्न : अमेरिकी संसदभवनात यॉर्कटाउनच्या शरणागतीचे चित्र आहे. त्यातला कॉर्नवॉलिस म्हणजे टिपूशी लढलेला कॉर्नवॉलिसच का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : माणूस तोच, पण चित्रात तो नाही. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी त्याच्या ब्रिटिश सैन्याने यॉर्कटाउनला शरणागती पत्करली, तेव्हा त्याने आजारपणाचे कारण सांगून आपला दुय्यम अधिकारी ओहारा याला पाठवले. जॉन ट्रंबलच्या चित्रात मध्यभागी पांढऱ्या घोड्यावर दिसतो तो शरणागती स्वीकारणारा अमेरिकी जनरल बेंजामिन लिंकन. ट्रंबल स्वतः काही काळ वॉशिंग्टनचा मदतनीस होता आणि चेहऱ्यांबाबत तो इतका काटेकोर होता, की फ्रेंच अधिकाऱ्यांचे चेहरे समक्ष पाहून रंगवण्यासाठी तो १७८७-८८ च्या हिवाळ्यात पॅरिसला तिथला अमेरिकी वकील जेफरसन याच्या घरी राहिला. शीर्षकात कॉर्नवॉलिसचे नाव आल्यामुळे पाहणारे अजूनही त्याला चित्रात शोधतात.

हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर-जनरल म्हणून हिंदुस्थानात आला आणि हरिपंत फडके यांच्या फौजेसह १७९२ साली श्रीरंगपट्टणला पोचला. टिपूच्या दोन मुलांना ओलीस घेतानाचा तो प्रसंग रॉबर्ट होम या चित्रकाराने फौजेबरोबर राहून पाहिला आणि रंगवला. बॉस्टनमध्ये जन्मलेल्या मॅथर ब्राऊनने तो हिंदुस्थानात पाऊलही न ठेवता लंडनमध्ये रंगवला.

प्रश्न : जनरल कस्टरच्या अखेरच्या लढाईचे, लांब केस आणि हातात तलवार असलेले चित्र मी लहानपणापासून पुस्तकांत पाहत आलो आहे. त्या लढाईचे त्यातल्या त्यात खरे चित्र कोणते? (एक वाचक, बडोदे)

उत्तर : आपण पाहिलेले चित्र बहुधा कॅसिली अॅडम्सच्या तैलचित्रावरून ओटो बेकरने केलेले शिलामुद्रित असावे, एका दारू कंपनीने १८९६ पासून ते जाहिरात म्हणून गुत्त्यांतून वाटले. २५ जून १८७६ रोजी कस्टरचे केस कापलेले होते आणि त्याच्या रेजिमेंटने तलवारी मागेच ठेवल्या होत्या. कस्टरबरोबर गेलेल्या तुकड्यांतला एकही सैनिक वाचला नाही, त्यामुळे अमेरिकी चित्रकारांना ती हाणामारी मनानेच उभी करावी लागली.

पाहिलेली माणसे होती, पण ती दुसऱ्या बाजूची, म्हणजे कस्टरशी लढलेल्या मूळ अमेरिकींपैकी. मिनिकाँजू लाकोटा जमातीचा रेड हॉर्स त्या लढाईत लढला होता. १८८१ साली एका लष्करी डॉक्टरच्या विनंतीवरून त्याने आपली हकिकत सांगितली आणि रंगीत पेन्सिलींनी ४२ चित्रे काढली. ती स्मिथसोनियन संस्थेकडे आहेत. त्यांत वीराची शेवटची झुंज नाही. चालून येणारे घोडदळ आहे, मेलेले घोडे आहेत, कापलेले सैनिक आहेत, मेलेले लाकोटाही आहेत, आणि लढाई संपल्यावर पकडलेले घोडे नेणारी माणसे आहेत. यथार्थदर्शन, म्हणजे दूर-जवळचा भास, नाही, जमीन नाही, क्षितिज नाही. शरीरशास्त्राच्या परीक्षेत ही चित्रे नापास होतील. तरीही मला एकच चित्र निवडायला सांगितले, तर मी यांतलेच एक निवडेन, शक्यतो मेलेल्या घोड्यांचे.