शेअर्ड डॅशबोर्डमधले बदल रात्रीत गायब होतात: माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि पोटात गोळा आला. सात जणांची टीम, एकच ग्राफाना (आकडेवारीच्या आलेखांची पानं, म्हणजे डॅशबोर्ड, दाखवणारं सॉफ्टवेअर), गिटमधल्या (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातल्या) फाइली दर थोड्या वेळानं वर ढकलणारी स्क्रिप्ट, आणि कुणीतरी हातानं केलेला बदल सकाळी नाहीसा. ‘ग्राफानात बग आहे का?’ असं विचारलंयत. बग नाही. स्क्रिप्टमध्ये कुठेतरी ओव्हरराइट ट्रू, म्हणजे ‘सर्व्हरवर काहीही असो, त्यावर लिही’, असं लिहिलेलं असणार, पैज लावतो. माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं.

कर्ल, जेक्यू ही कमांडची हत्यारं आणि टोकन (सर्व्हरमध्ये शिरायची गुप्त किल्ली) तुम्हाला येतंच हे पोस्टवरून दिसतंय, ते सोडून देतो.

मी तेव्हा हिंजवडीत होतो. सर्व्हर बदलायचा म्हणून आमचा क्रॉन (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारा) आठवडाभर बंद ठेवला होता. त्या आठवड्यात एका सहकाऱ्यानं रात्रपाळीच्या डॅशबोर्डवर बसून रांगांचे पॅनेल (आलेखांचे चौकोन) नव्यानं लावले, थ्रेशोल्ड, म्हणजे धोक्याच्या मर्यादा, एकेक करून तपासून बसवले. सगळं ब्राउझरमधून, गिटमध्ये काही नाही. अनंत चतुर्दशीला दुपारपासूनच ऑफिस रिकामं व्हायला लागलं, रस्ते बंद होणार होते. मी संध्याकाळी सातला जाताजाता क्रॉन चालू केला, दर १५ मिनिटांनी. पहिल्याच फेरीत सर्व्हरकडून ४१२ हा नकाराचा कोड. सोबत स्वच्छ लिहिलेलं होतं की हा डॅशबोर्ड दुसऱ्या कुणीतरी बदललाय. म्हणजे फाइलमधला व्हर्जनचा आकडा मागे आणि सर्व्हरवरचा पुढे. यापेक्षा सरळ भाषेत कुणी काय सांगणार? पण मला घरी जायची घाई. ओव्हरराइट ट्रू केलं, लॉगमधली लाल ओळ गेली, मी बॅग उचलली.

सकाळी रात्रपाळीवाल्याचा फोन. पॅनेल जुनेच दिसतायत. म्हटलं काळजी नको, व्हर्जन हिस्टरी आहे, मागे जाऊ. उघडली तर सगळ्या नोंदी माझ्या स्क्रिप्टच्या. ग्राफाना मुळात प्रत्येक डॅशबोर्डच्या २० आवृत्त्याच ठेवतो, सेटिंग बदललं नसेल तर. स्क्रिप्ट काही बदललंय का हे न बघता दर वेळी सेव्ह करत होती. २० गुणिले १५ मिनिटं, म्हणजे पाच तास. मध्यरात्रीच्या सुमारास त्या सहकाऱ्याचं आठवड्याचं काम हिस्टरीतूनही बाहेर पडलं होतं. बरं, सेव्ह करताना मेसेज द्यायचा असतो तोही मी देत नव्हतो, त्यामुळे समोर नुसत्या कोऱ्या ओळींची रांग.

बॅकअपसाठी ज्या विभागाकडे तिकीट टाकलं त्यांचं नाव घेत नाही. आधी फॉर्म, मग साहेबांची मंजुरी, मग ‘ही माहिती व्यवसायाच्या दृष्टीनं महत्त्वाची आहे का?’ असा प्रश्न. तिसऱ्या दिवशी तिकीट बंद, शेरा: वापरकर्त्याची चूक. चूक माझीच होती हो, पण माझं मागणं फाइलीचं होतं, चारित्र्याच्या दाखल्याचं नाही.

वाचलो ते निव्वळ नशिबानं. त्या सहकाऱ्यानं आदल्या दिवशी चारला लॅपटॉप नुसता मिटून बॅगेत टाकला होता आणि टॅबमध्ये त्या डॅशबोर्डच्या सेटिंगमधलं जेसन मॉडेलचं पान (अख्खा डॅशबोर्ड मजकुराच्या रूपात) उघडंच होतं. तो स्वतः लक्ष्मी रोडवर मिरवणुकीत, ढोलांच्या आवाजात फोन कुठला ऐकू येतोय! दुपारी बाराला उचलला. त्याला सांगितलं, आधी घरचा राउटर बंद कर, मगच झाकण उघड, पान रिफ्रेश झालं तर संपलं. त्यानं सगळं निवडून नोटपॅडमध्ये चिकटवलं, तेव्हा कुठे मी चहा घेतला.

आता तुमच्याबद्दल. हे माझं मत आहे आणि आमचा ग्राफाना स्वतःच्या सर्व्हरवरचा, जुन्या आवृत्तीचा होता, तेव्हा आधी चाचणीच्या सर्व्हरवर करून बघा. ओव्हरराइट काढा. ४१२ आला की स्क्रिप्टनं तिथेच थांबावं, सर्व्हरवरची प्रत उतरवून गिटमधल्या फाइलीशी डिफ, म्हणजे फरक, दाखवावा आणि निर्णय माणसानं घ्यावा. फाइलीत खरंच फरक असेल तरच सेव्ह करा आणि मेसेजमध्ये कमिटचा (गिटमधल्या त्या नोंदीचा) नंबर टाका. २० चा आकडाही वाढवून घ्या.

एक चोरखड्डा आहे. यूआयडीनं (डॅशबोर्डच्या कायमच्या ओळखखुणेनं) डॅशबोर्ड मागवला की उत्तरात मेटा आणि डॅशबोर्ड असे दोन भाग येतात. लोक डॅशबोर्ड तेवढा ठेवतात, पण फोल्डर कुठला हे मेटात असतं. परत पाठवताना फोल्डरचा यूआयडी दिला नाही तर डॅशबोर्ड गुपचूप जनरल या सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो आणि फोल्डरच्या परवानग्या सुटतात. आणि दुसऱ्या सर्व्हरवर नेताना आयडी (यूआयडीपेक्षा वेगळा, नुसता आकडा) नल, म्हणजे रिकामा, करा, तो त्या त्या सर्व्हरपुरताच असतो. यूआयडी मात्र जपा, लिंका त्याच्यावर चालतात.

खरं तर सात जणांत ऑन-कॉलचे (बिघाड झाला की धावणाऱ्यांचे) डॅशबोर्ड मी प्रोव्हिजनिंगनंच ठेवीन. म्हणजे फाइल सर्व्हरच्या डिस्कवर, ग्राफाना तिथूनच वाचतो, ब्राउझरमधून सेव्ह होतच नाही, ती सवलत मुळात बंदच असते. लोक कुरकुरतील, आमच्याकडे महिनाभर कुरकुरले. त्यांना खेळायला वेगळं फोल्डर द्या आणि तिथे क्रॉनला पाऊल टाकू देऊ नका. ‘आमच्याकडे सगळे समजूतदार आहेत’ असं कुणी म्हणालं तर मीही समजूतदारच होतो हे त्याला सांगा.

पण हे सगळं उद्या. आत्ता आधी क्रॉन बंद करा, सर्च एपीआयनं (स्क्रिप्टमधून ग्राफानाला शोध विचारायच्या सोयीनं) सगळ्या यूआयडींची यादी काढा आणि एकूणएक डॅशबोर्ड मेटासकट उतरवून गिटमध्ये टाका. मग स्क्रिप्टमधली डॅशबोर्ड सर्व्हरवर पाठवणारी ओळ इथे द्या, बघतो. टोकन खोडून द्या हं, गेल्या महिन्यात एकानं तसंच चिकटवलं होतं.