वाचकांचे प्रश्न : बटण दाबले, पण हेडसेट जागा होत नाही

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेला माझा वायरलेस गेमिंग हेडसेट परीक्षेच्या काळात जवळजवळ चार महिने खणात पडून होता. आता बाहेर काढला, तर तो चालूच होत नाही. बटण कितीही वेळ दाबून धरले तरी दिवा लागत नाही आणि सुरू होतानाचा नेहमीचा सूचक आवाजही येत नाही. मूळ केबल हरवल्यामुळे मी तो मोबाइलच्या नव्या फास्ट चार्जरला, दोन्ही टोकांना टाइप-सी पिन असलेल्या केबलने, रात्रभर जोडून ठेवला. पण सकाळीही परिस्थिती तीच होती. दुरुस्ती करणाऱ्याने हेडसेट न उघडताच 'बोर्ड गेला' असे सांगितले. खरोखरच तसे असेल का?

उत्तर : बोर्ड गेलेला असणे अशक्य नाही, परंतु आपल्या पत्रातील तपशील पाहता तो निष्कर्ष फारच घाईचा वाटतो. हेडसेट चार महिने पडून होता आणि तो हरवलेल्या केबलऐवजी वेगळ्या केबलने चार्ज करण्याचा प्रयत्न झाला, या दोन गोष्टी एकत्र आल्या की माझा पहिला संशय असा असतो की रात्रभर चार्जिंग झालेच नसावे.

त्याचे कारण टाइप-सी जोडणीच्या रचनेत आहे. जुन्या, चपट्या आयताकृती यूएसबी सॉकेटमध्ये ५ व्होल्टचा दाब सतत असतो. समोर काय जोडले आहे याची ते सॉकेट चौकशी करत नाही. टाइप-सी सॉकेट असलेला चार्जर मात्र समोरच्या उपकरणाची खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही. ही खूण म्हणजे उपकरणाच्या सॉकेटमागे बसवलेले ५.१ किलोओहमचे दोन अगदी स्वस्त रोधक (रेझिस्टर). खर्च वाचवण्यासाठी म्हणा किंवा दुर्लक्षामुळे म्हणा, काही उत्पादक ते बसवतच नाहीत, आणि मग असे उपकरण दोन्ही बाजूंनी टाइप-सी असलेल्या केबलवर एक कणही वीज घेऊ शकत नाही. चार्जर ठीक, केबल ठीक, हेडसेटही ठीक, आणि तरीही रात्रभर काहीच घडत नाही. खोक्यात येणारी मूळ केबल एका टोकाला आयताकृती पिनची असेल, तर ही उणीव वर्षानुवर्षे लक्षातच येत नाही. मी स्वतः एकदा अशाच एका हेडसेटचा बोर्ड संपूर्ण दुपार तपासत बसलो होतो. संध्याकाळी सहज केबल बदलली आणि पुढच्या क्षणी चार्जिंगचा दिवा लागला.

म्हणून आपण सर्वांत आधी एका टोकाला आयताकृती आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी पिन असलेली केबल मिळवावी आणि ती साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला किंवा संगणकाच्या यूएसबी सॉकेटला जोडावी. फास्ट चार्जरने हेडसेट जळाला असेल अशी शंका आपल्या मनात आली असल्यास ती सोडून द्यावी, कारण असे चार्जर ५ व्होल्टपेक्षा अधिक दाब केवळ उपकरणाने मागितल्यावरच देतात आणि प्रवाह किती घ्यायचा हेही उपकरणच ठरवते. त्या केबलने दुसरे एखादे उपकरण चार्ज होते की नाही, हे मात्र आधी पाहून घ्यावे. अन्यथा एक संशयित दूर करताना दुसरा घरात आणल्यासारखे होईल.

दिवा लागला नाही तरी केबल लगेच काढू नये. हेडसेटमधील लिथियम सेल पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्टवर असतो, त्याचा सर्वसाधारण दाब ३.७ व्होल्ट मानला जातो, आणि तो साधारण २.५ ते ३ व्होल्टपर्यंत उतरला की सेलवरचे संरक्षक सर्किट त्याला उर्वरित यंत्रापासून तोडून टाकते. आपण हेडसेट 'बंद' करून ठेवला असला तरी तो पूर्णपणे झोपलेला नसतो. बटण केव्हा दाबले जाईल याची वाट पाहणारा त्याचा एक कोपरा थोडीशी वीज घेतच राहतो, शिवाय सेल आपला आपणही हळूहळू उतरत असतो. तो जेमतेम चार्ज असताना खणात गेला असेल, तर चार महिने त्याला संपवायला पुरेसे आहेत. अशा अवस्थेत मल्टिमीटर लावून पाहणाऱ्याला बॅटरीच्या तारांवर शून्य व्होल्ट दिसतात आणि बॅटरी किंवा बोर्ड मेला असे वाटते. वास्तविक आत सेलमध्ये थोडी धुगधुगी शिल्लक असते.

खोल उतरलेल्या सेलला चार्जिंगचे सर्किट एकदम पूर्ण प्रवाह देत नाही, कारण ते धोकादायक ठरू शकते. सेल सुमारे ३ व्होल्टवर येईपर्यंत नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण एक दशांश इतकाच प्रवाह सोडला जातो, आणि या काळात अनेक हेडसेटचा दिवा बंद राहतो किंवा विचित्र लुकलुकतो. तेव्हा योग्य केबलवर हेडसेट किमान एक तास, शक्य असल्यास दोन तास, हात न लावता ठेवावा. दर पाच मिनिटांनी बटण दाबून पाहण्याचा मोह आवरावा, कारण काही रचनांमध्ये प्रत्येक दाबण्याबरोबर सेलमध्ये जमलेली थोडीशी वीज सुरू होण्याच्या प्रयत्नातच खर्च होते.

चार्जर आणि केबल यांच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी मीटर कुणाकडून मिळाला तर तो जरूर वापरावा. या कामात त्याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही. प्रवाह सतत शून्य दाखवत असेल तर वीज हेडसेटपर्यंत पोहोचतच नाही, आणि दोष केबल, सॉकेट किंवा चार्जिंगच्या सर्किटमध्ये आहे. वीस-पन्नास मिलिअँपिअर दिसत असतील तर ते सेल सावरण्याचे काम असण्याची शक्यता मोठी असते आणि धीर धरणे योग्य ठरते. दोनशे-पाचशे मिलिअँपिअर दिसत असतील तर बॅटरी व्यवस्थित भरली जात आहे आणि बिघाड बटणाकडे किंवा आतल्या प्रोसेसरकडे शोधायला हवा.

शून्य प्रवाह दिसल्यास हेडसेटच्या सॉकेटमध्ये टॉर्चच्या उजेडात डोकावून पाहावे. खणातली धूळ आणि कपड्यांचे तंतू तळाशी दाबले जाऊन घट्ट बसतात आणि पिन पूर्ण आत जात नाही; लावताना पूर्वीसारखा 'टक्' असा स्पर्श जाणवत नसेल तर हेच कारण समजावे. तो मळ कोरड्या, बारीक लाकडी काडीने कडेकडेने काढावा. टाचणी किंवा सुई वापरू नये, आणि सॉकेटच्या मधोमध असलेली नाजूक जीभ खरवडू नये. पिन किंचित हलवल्यावर दिवा लागतो-विझतो असे दिसले, तर सॉकेटचा बोर्डावरचा सोल्डर तडकला आहे आणि ते काम कारागिराचेच आहे.

चार्जिंग होत आहे, तरीही हेडसेट जागा होत नाही, अशी वेळ आल्यास रिसेट करून पाहावे. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल की अडलेले यंत्र सेल काढून पुन्हा घातल्यावर चालू लागत असे. हेडसेटची बॅटरी काढता येत नाही, त्यामुळे एकदा अडलेला प्रोसेसर बॅटरी भरलेली असेपर्यंत अडलेलाच राहतो. त्यासाठी उत्पादकांनी काही युक्त्या ठेवलेल्या असतात: कुठे बटण दहा ते वीस सेकंद दाबून धरावे लागते, कुठे दोन बटणे एकत्र दाबायची असतात, तर कुठे कागदाची क्लिप सरळ करून आत सारण्यापुरते लहान छिद्र असते. केबल जोडून हे करायचे की काढून, हे मॉडेलनुसार बदलते, म्हणून आपल्या मॉडेलची माहितीपुस्तिका पाहणे अटळ आहे. छिद्रात क्लिप घालण्यापूर्वी ते मायक्रोफोनचे छिद्र नाही याची खात्री करावी. ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. आणखी एक बाब अशी की काही हेडसेट केबल जोडलेली असताना मुद्दामच चालू होत नाहीत, त्यामुळे चार्जिंगनंतर केबल काढून एकदा बटण नीट तीन-चार सेकंद दाबून पाहावे.

एवढे सगळे केल्यावरही मीटर शून्यावर राहिला, तर आपल्या दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे विचारात घेता येईल. मात्र त्याने हेडसेट उघडून, सॉकेटवर ५ व्होल्ट येतात का आणि सेलवर किती व्होल्ट आहेत, हे दोन आकडे सांगावेत असा आग्रह धरावा. आणि हेडसेट पुन्हा सुरू झाला तर पुढच्या परीक्षेपूर्वी तो साधारण निम्मा चार्ज करून ठेवावा व दर दोन-तीन महिन्यांनी थोडा भरून घ्यावा.

प्रश्न : माझा हेडसेट केबल जोडलेली असेपर्यंत उत्तम चालतो, पण केबल काढताच त्याच क्षणी बंद पडतो आणि नंतर चालू होत नाही. बॅटरी बदलावी का?

उत्तर : बॅटरी संपल्याची शक्यता सर्वाधिक आहे. लिथियम सेलची क्षमता साधारण तीनशे ते पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर मूळच्या ऐंशी टक्क्यांच्या आसपास येते आणि पुढे घसरण चालूच राहते. तरीही सेल विकत घेण्यापूर्वी एक छोटी परीक्षा करावी. अनेक हेडसेटमध्ये बॅटरी एका कानाच्या वाटीत आणि मुख्य बोर्ड दुसऱ्या वाटीत असतो, आणि दोघांना जोडणाऱ्या बारीक तारा डोक्यावरच्या पट्ट्यातून, वाटी जिथे फिरते त्या सांध्याजवळून जातात. हजारो वेळा वळून या तारा आतल्या आत तुटतात. केबल काढल्यानंतर बटण दाबून धरत वाटी हळूच फिरवावी, पट्टा थोडा ताणावा. एखाद्या विशिष्ट स्थितीत हेडसेट क्षणभर जरी जागा झाला, तरी दोष तारेत आहे असे समजावे, आणि नव्या बॅटरीने तो जाणार नाही.

बॅटरीच बदलायची ठरली तर जुन्या सेलवरचा आकडा पाहावा. चपट्या सेलवर ५०३४५० असे लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ जाडी ५.० मिलिमीटर, रुंदी ३४ आणि लांबी ५० मिलिमीटर असा होतो. किंचित लहान सेल चालेल, जाड सेल दाबून बसवलेला चालणार नाही. तारा दोन आहेत की तीन हेही पाहावे. तिसरी तार बहुधा तापमान मोजणाऱ्या रोधकाची असते, आणि ती नसलेला सेल लावल्यास काही हेडसेट चार्जिंगच नाकारतात. लाल आणि काळ्या तारांची जागा कनेक्टरमध्ये उलटी असलेले सेलही सर्रास मिळतात, तेव्हा केवळ कनेक्टर बसला म्हणून समाधान मानू नये. उलट जोडणीने बोर्ड खरोखरच जातो.

वाटीचे झाकण उचकलेले दिसत असेल, सेल फुगलेला असेल किंवा गोडसर, औषधी वास येत असेल, तर यातील काहीही करू नये. चार्जिंग तत्काळ थांबवावे, सेल दाबू किंवा टोचू नये, आणि हेडसेट जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे द्यावा. फुगलेला सेल 'अजून काही दिवस चालेल' असे म्हणणाऱ्याचा सल्ला ऐकू नये.

प्रश्न : हेडसेटचे फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्रॅम) अपडेट होत असताना वीज गेली आणि संगणक बंद पडला. तेव्हापासून हेडसेट मृतवत आहे. काही उपाय आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा असतो. अनेक उपकरणांत मूळ प्रोग्रॅमच्या आधी चालणारा एक छोटा, अपडेटमध्ये न बदलणारा भाग असतो आणि तो शिल्लक असेल तर हेडसेट संगणकाला ओळख देऊ शकतो, मग दिवा लागो वा न लागो. हेडसेट थेट संगणकाच्या यूएसबी सॉकेटला जोडावा, मध्ये हब ठेवू नये, आणि केबल माहिती वाहून नेणारी आहे याची खात्री करावी. केवळ चार्जिंगसाठीच्या केबलमध्ये माहितीच्या तारा नसतात आणि अनेकांचा प्रयत्न तिथेच फसतो. त्यानंतर उत्पादकाच्या अधिकृत सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्तीचा किंवा पुन्हा फर्मवेअर भरण्याचा पर्याय शोधावा. डोंगलचे, म्हणजे संगणकाला लावायच्या छोट्या बिनतारी रिसीव्हरचे, फर्मवेअर वेगळे असते, त्यामुळे हेडसेट सावरल्यावर डोंगलही अपडेट करून दोघांची जोडणी पुन्हा करून घ्यावी. दिवा लुकलुकत असूनही आवाज येत नसेल, तर हेडसेट चालू आहे आणि आपल्या डोंगलला शोधत आहे, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी डोंगल यूएसबी ३.० सॉकेटला अगदी चिकटून असेल तर तो एखाद्या छोट्या वाढीव केबलने दूर न्यावा, कारण डोंगल आणि हेडसेट सहसा ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर एकमेकांशी बोलतात, त्यांतच त्या सॉकेटचा विद्युत गोंगाट पसरतो.